ऐकलं नाही तोवर

सुलक्षणा पहिल्यांदा म्हणाली की डोक्यात भुस्स भुस्स वाजतंय, तेव्हा बाळाबाईनं सुनेला सरळ सांगितलं होतं, "वाजू दे. लावणी उरकायचीय अजून." बाळाबाईचं असंच. जीभ म्हणजे विळा. नवऱ्याला सोडायची नाही, देवाला सोडायची नाही, तिथं सून कुठली सुटायला? राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्याच्या अलीकडं त्यांची वाडी. सगळी एकाच भावकीची घरं, आणि सगळ्या घरांत बाळाबाईच्या तोंडाचा धाक. सून कापूरहोळला हायवेवर वाढलेली, चिखलात पाय नको म्हणून डोकं धरून बसते, असं तिनं ठरवून टाकलं होतं आणि चारचौघींत बोलूनही दाखवलं होतं.

लावणी झाली, कापणी झाली, मळणी झाली, तरी डोक्यातलं वाजायचं थांबेना. दिवाळीनंतर सुलक्षणाला धूसर दिसायला लागलं. एका दुपारी ती न्हाऊन ओट्यावर केस सुकवत बसली होती. बाळाबाई तिच्या केसांतला गुंता काढता काढता म्हणाली, "कुठं वाजतंय गं? दाव तरी." सुलक्षणानं कानामागचं हाड दाखवलं. बाळाबाईनं थट्टेनं तिथं कान टेकवला आणि तिच्या हातातली फणी खाली पडली. आत खरंच वाजत होतं, नाडीच्या ठोक्याबरोबर, भुस्स, भुस्स, भुस्स.

"अगं बया," ती म्हणाली, "ही तर खरं बोलतीया."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि बाळाबाईला लाज वाटली की ती दुसऱ्यावर ओरडायची. ती पोरावर, धनाजीवर ओरडली, "बायकूला पुण्याला न्हेतुयास, का म्या न्हेऊ पाठुंगळी मारून?"

पुण्याला नेलं, यंत्रात घातलं, फोटो काढले. परत आल्यावर धनाजीनं आईला चुलीपुढं बसून समजावून सांगितलं. धनाजी धरणाच्या पाण्यावर रोजंदारीला होता, त्याला पाण्याचीच भाषा यायची. "आई, धरणाचा मोठा पाइप कुणी सरळ शेतातल्या बारक्या पाटाला जोडला, तर पाट टिकंल का? तसंच हाय. जोराच्या रक्ताची शीर मेंदूच्या भवतीच्या बारक्या शिरंला जोडली गेलीया. जन्मापास्नं नव्हती, मधीच झाली. ती बारकी शीर फुगून टम्म झालीया. फुटली तर संपलं."

जांघेतून तार घालून तो जोड आतल्या आत बुजवायचा प्रयत्न डॉक्टरबाईंनी केला. तार तिथवर पोचेना. मग राहिलं एकच, कानामागं कवटी उघडायची आणि तो जोड चिमटा लावून तोडायचा. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ऑपरेशन चांगलं होतं. बाई चालत घरी जाते. पण उघडल्यावर रक्त नळासारखं जाऊ शकतं. हाताशी रक्त असल्याशिवाय मी सुरी लावणार नाही. आणि लांबवू नका."

चैत्र लागला होता. कॉलेजं बंद, शिबिरं बंद, रक्तपेढीची कपाटं रिकामी. नातेवाइकांनी रक्त द्यायचं, मगच मिळायचं. धनाजीनं दिलं. सुलक्षणाचा भाऊ स्वरूप, कापूरहोळच्या नाक्यावर पंक्चरचं दुकान चालवायचा, त्यानं दिलं. तेवढ्यानं भागणार नव्हतं. दहाबारा माणसं तरी पाहिजे होती, आणि दहाबारा माणसं म्हणजे भावकी. भावकी तर दोन वर्षं बाळाबाईच्या नवऱ्याच्या, रखमाजीच्या उंबऱ्याला शिवत नव्हती.

हे भांडण काठीचं. वाडीच्या भैरोबाच्या जत्रेत पालखीपुढं देवाची काठी चालते. उंच कळकाची, वर निशाण, मोरपिसं, घुंगरं. ती काठी धरायचा मान बाळाबाईच्या सासऱ्याकडून रखमाजीकडं आलेला. रखमाजीचा चुलतभाऊ चिमाजी म्हणायचा, मान मूळ आमच्या घराचा, तुमच्या बापानं लाटला. दोन वर्षांमागं भर जत्रेत हातघाईवर आलं. तेव्हापासून चिमाजीनं सगळी भावकी आपल्या बाजूला ओढली, आणि रखमाजी एकटा काठी धरून पुढं चालायचा, मागं त्याच्या बाजूचं कुणी नाही. तरी चालायचा. जत्रेच्या दिवशी त्या माणसाच्या अंगात जे बळ यायचं ते वर्षभर कुठं दिसायचं नाही.

चिमाजीचा निरोप गोड होता. ठकुबाई शेजारीण घेऊन आली. ती भावकीतली नव्हती, त्यामुळं दोन्हीकडं जायची. "चिमाजी म्हनतूय, रक्ताला आमी कदी न्हाई म्हनलोय का? सून तुमची तशी आमची. दादांनी तेवढी काठी सोडावी. टेम्पो भरून मानसं आनतू."

रखमाजी भिंतीकडं तोंड करून बसला. जेवला नाही.

"आवं, बोला की," बाळाबाई म्हणाली.

"काय बोलू? बापाला काय त्वांड दावू?"

"बाप मेला तुमचा! ही जित्ती हाय!" बाळाबाईचा आवाज चढला. "त्या काठीला काय जाळायचंय? पोरीच्या पदरात दोन वर्साचं लेकरू हाय. काठी गेली तर दुसऱ्याच्या हातात ऱ्हाईल, ही गेली तर कुनाच्या हातात? द्या म्हनते ना म्या, द्या!"

रखमाजी उठला, खुंटीवरचा फेटा काढला आणि चिमाजीच्या दारात गेला. बाळाबाईनं उंबऱ्यातून पाहिलं. नवरा पाठीतून वाकलेला दिसला. पण मनातून ती खूष होती. पोरगी वाचली, असंच तिला वाटलं.

मान असा तोंडानं देऊन होत नाही. देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या पंगतीला स्वतः वाढायचं, मटणाचं ताट आणि दारूचा पेला, दोन्ही आपल्या हातानं. त्याशिवाय मनात काही राहिलं नाही हे भावकीला पटत नाही. जत्रा रविवारी, ऑपरेशन सोमवारी, आणि रक्त शनिवारी द्यायचं होतं. म्हणून पंगत शुक्रवारीच तिन्हीसांजेला घातली. दवाखान्यातून धनाजीचा फोन आला होता, "आई, रिकाम्या पोटी येऊ नगा म्हनत्यात. पोटभर जेवून या म्हनावं. आन्‌ दारू चालत न्हाई."

बाळाबाईनं ते पंगतीत सांगितलं, नाही असं नाही. चिमाजी हसला. "वहिनी, रक्त लालच ऱ्हातंय. दारूनं काय पांढरं व्हतंय?" सगळी पंगत हसली. बाळाबाईलाही हसू आलं. रखमाजी दारूची बाटली हातात घेऊन उभा होता, बायकोकडं बघत. नाही म्हणावं तर मान अर्धाच दिला असं होणार, आणि उद्याचा टेम्पो जागचा हलणार नाही. बाळाबाईनं डोळ्यानंच खुणावलं, वाढा. त्यानं वाढली. चुलत पुतण्यांना, ज्ञानूला वाढली, भिमाला वाढली, चिमाजीला दोनदा वाढली. बाळाबाईनं चुलीवरून रस्सा पोचवला, कुणी मागितला तर आणखी पोचवला. मनासारखं खाऊ दे, तिला वाटलं, रक्त होईल.

शनिवारी टेम्पो भरून माणसं पुण्याला गेली. बाळाबाई पुढं बसली होती. दोन वर्षांची नात ठकुबाईकडं ठेवली होती. रक्तपेढीतल्या बाईनं सगळ्यांना ओळीनं बसवलं आणि पहिल्यालाच, ज्ञानूला, विचारलं, "काल काही घेतलं होतं का?"

"न्हाई बा," ज्ञानू म्हणाला.

बाईनं नाक वर केलं. "तोंडाचा वास येतोय."

मग एकेकाला विचारलं. कुणी हो म्हणालं, कुणी मान खाली घातली. "दारू घेतल्यावर दिवसभर रक्त घेत नाही आम्ही," बाई म्हणाली. "हे रक्त पेशंटला जातं. उद्या या, यातलं काही न करता या."

"आमी कशाला घेतोय बाई?" भिमा फुरंगटून म्हणाला. "म्हाताऱ्यानंच वाढली. त्यांना इचारा की."

रखमाजी धनाजीजवळ उभा होता. तो पुढं झाला आणि शर्टाची बाही वर करून म्हणाला, "म्या थेंबबी घेतला न्हाई. माझं घ्या." बाईनं त्याचं वय विचारलं आणि मानेनंच नकार दिला. बाही वर केलेला तो हात त्यानं बराच वेळ खाली घेतला नाही.

"मग ऱ्हावा की रातच्याला," बाळाबाई चिमाजीला म्हणाली. "उद्या सकाळी द्या आन्‌ जावा."

"उद्या जत्रा हाय वहिनी."

"मला म्हाईत हाय जत्रा हाय!"

"मान दिलाय दादांनी मला," चिमाजी शांतपणे म्हणाला. "पहिलंच वरीस. मी हितं खाटंवर हात पसरून पडलो तर काठी कोन धरनार? परवा पहाटं येतो की. डॉक्टरला म्हनावं, एक दिस थांबा."

डॉक्टरबाईंना विचारलं. त्यांनी कपाळाला हात लावला, आणि सोमवारचं ऑपरेशन मंगळवारवर ढकललं.

निघताना बाळाबाई वॉर्डात गेली. सुलक्षणा खाटेवर बसून चहा पीत होती. डोकं एका बाजूनं आधीच भादरून ठेवलेलं, त्यावर रुमाल. "आत्या, झालं का समद्यांचं?" तिनं विचारलं.

"व्हतंय, व्हतंय. तू चा पी."

"चिमामामांनी काठी घेतली म्हनं. मामा लई दुखावलं असतील."

"त्यांचं काय दुखतंय? म्हातारं झालंय ते," बाळाबाई म्हणाली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवून भराभरा बाहेर आली. ती टेम्पोनंच परतली. घरी लेकरू, दुभती म्हैस, आणि देवाचा नैवेद्य. रखमाजी नि धनाजी दवाखान्यात राहिले. परतीच्या वाटेवर मागं बसलेली माणसं गाणी म्हणत होती.

रविवारी सूर्य डोक्यावर आला होता. बाळाबाई पुरण वाटत होती, तेव्हा फोन वाजला. पलीकडं धनाजी. त्याला नीट बोलता येईना.

"आई, फुटलं. सकाळी चा घेता घेता पडली. डॉक्टरबाई म्हनत्यात आत्ता उघडायला पायजे. जित्ती हाय आई, जित्ती हाय! रक्त आनलं तर उघडते म्हनत्यात, दुपार टळायच्या आत. हितं वनवन फिरतूय, कुठं मिळंना. स्वरूपबी फिरतूय. म्या चिमाकाकाला लावला, ज्ञानूला लावला, भिमाला लावला, समद्यांचं फोन बंद हायत. कालची मानसं आता चालतील म्हनत्यात आई! टेम्पो काढ!"

बाळाबाई पुरणाच्या हातानंच उठली. दारात ठकुबाई लेकराला घेऊन उभी होती. "फोन का बंद हायत गं समद्यांचं?"

ठकुबाईनं नजर चुकवली. "सकाळी चिमाजी घरोघर हिंडला," ती म्हणाली. "समद्यांचं फोन गोळा करून देवळाच्या कोनाड्यात ठिवलं. तुझ्याकडं तेवढं आला न्हाई."

"कशापायी?"

"सुतकापायी."

बाळाबाईला कळलं. भावकीत माणूस गेलं की सुतक सगळ्या भावकीला. सुतकात देवाला शिवायचं नाही, काठी उचलायची नाही. पण सुतक लागतं ते बातमी कानावर आल्यावर. ऐकलं नाही तोवर माणूस मोकळा. सुलक्षणा मेल्याचा फोन जत्रेच्या मधेच आला तर चिमाजीला पहिल्याच वर्षी काठी खाली ठेवावी लागणार होती. म्हणून त्यानं वाडीचे कान बंद करून ठेवले होते.

"पर ती मेली न्हाई!" बाळाबाई किंचाळली. "त्या मुडद्याला सांगते म्या, ती मेली न्हाई!"

ती पळत सुटली. पदर कुठं, चपला कुठं, कशाची शुद्ध नव्हती. पालखी देवळातून निघून ओढ्याच्या वाटेला लागली होती. पुढं चिमाजी, कमरेला शेला, कपाळभर भंडारा, हातात काठी. मागं ढोल, झांजा, नाचणारी पोरं. बाळाबाई समोरून आली, केस सुटलेले, हात पिवळे, तोंड उघडं. आणि तिला तसं बघून सगळ्यांना एकच वाटलं.

"आरं ऐका! जित्ती हाय ती! रक्त पायजे! टेम्पो काढा!"

चिमाजीनं काठी न हलवता मान वळवली आणि ढोलवाल्यांना ओरडला, "वाजवा रं! जोरात!"

ढोल असे कडाडले की गुलाल थरथरला. बाळाबाईनं ओरडून ओरडून घसा फाडला. तिचे ओठ हलताना दिसत होते तेवढेच. चुलत जावांनी कानांत बोटं घातली. ज्यांच्या कडेवर लेकरं होती त्यांनी लेकरांचे कान छातीशी दाबून धरले. ती ज्ञानूकडं धावली, तर ज्ञानूनं पाठ केली. तिनं भिमाची कॉलर धरली. त्यानं डोळे मिटून घेतले आणि मान जोरजोरानं हलवायला लागला, नको काकी, नको सांगू. तिनं स्वतःच्या हाताची शीर त्याच्यापुढं धरून बोटानं दाखवली, रक्त, रक्त. त्यानं डोळे उघडलेच नाहीत. शेवटी दोघांनी तिला काखेत धरून उचललं आणि वाटेच्या कडेला, बांधावर नेऊन ठेवलं, अगदी हळू, थोरली काकी म्हणून.

पालखी पुढं गेली. बाळाबाई उठून पुन्हा धावली, पुन्हा ओरडली, पुन्हा तिला बाजूला ठेवलं. तोंडातून आवाज निघेनासा झाला. ठकुबाईनं तिच्या वतीनं ओरडून बघितलं, पण तिचं कोण ऐकतो? ती कोनाड्यातले फोन आणायला देवळात गेली, तर पुजाऱ्यानं सोवळं म्हणून पायरीही चढू दिली नाही. टेम्पोची किल्ली चिमाजीच्या कमरेला होती, आणि चिमाजीच्या हातात देव होता.

उन्हं कलली तेव्हा पालखी ओढ्यावरून परतली. देवळापुढं आरतीसाठी ढोल थांबले. बाळाबाई पिंपळाखाली बसली होती, मोबाईल मुठीत धरून. तो वाजला. तिनं कानाला लावला, ऐकलं आणि मांडीवर ठेवला. मग ती उठली. आता ती पळत नव्हती. गर्दी आपोआप बाजूला झाली. ती चिमाजीपुढं जाऊन उभी राहिली आणि गेलेल्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"गेली रं ती. आता गेली."

कुणी हललं नाही. आरतीचं तबक पुजाऱ्याच्या हातात तसंच राहिलं. सगळी भावकी चिमाजीकडं बघत होती. काठी अजून देवळात जायची होती, दहा पावलं राहिली होती. त्याचे डोळे बाळाबाईच्या डोळ्यांना भिडले होते, ऐकू न आलेल्या माणसाचे डोळे तसे नसतात.

"ढोल लावा," तो म्हणाला.

ढोल लागले. बाळाबाईच्या अंगावरून काठी देवळात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीतून सुलक्षणा आली. रखमाजी नि धनाजी गाडीतून उतरले तेव्हा अंगणात भावकी जमलेली होती, न बोलावता, अंघोळी करून, टॉवेल खांद्यावर टाकून. ज्ञानूनं बांबू आणले होते. भिमा लाकडं फोडत होता आणि मधेच डोळे पुसत होता, खरोखरचे. बायकांनी गळा काढला. बाळाबाई दाराला टेकून उभी होती. तिचा आवाज बसला होता, हवा तेवढी यायची.

चिमाजी लगबगीनं पुढं आला. त्यानं रखमाजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"दादा, हे काय झालं? कवा गेली?"

"काल," रखमाजी म्हणाला. "दुपार टळल्यावर."

"काल!" चिमाजीनं कपाळावर हात मारला आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाला, "आन्‌ आमाला आज कळतंय? आमी काय परकं हाय का दादा? एक फोन करायचा न्हाई व्हय?"

बाळाबाईनं तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिनं दोन्ही हात वर केले, हवेत कुणाला तरी दाखवल्यासारखं बोट केलं, आणि जवळच्या जावांनी तिला चटकन धरलं, पोटाशी घेतलं, "रड बाई, रड, मोकळी हो."

रखमाजीला काल वाडीत काय झालं ते ठाऊक नव्हतं, आणि धनाजी लेकराला घ्यायला ठकुबाईकडं गेला होता. रात्रभर दवाखान्यात जागून तो पहाटे गाडीत सुनेच्या पायाशी बसून आला होता. आणि खांदा द्यायला माणसं लागणार होती, स्मशान ओढ्यापलीकडं होतं. त्यानं डोक्याचा फेटा काढून काखेत धरला आणि चिमाजीपुढं हात जोडले.

"चुकलं चिमा," तो म्हणाला. "आमचं चुकलं. कळवायला पायजे व्हतं."